सोळाव्या भागात परत येणारा पोरगा

एसटीत मी तीस वर्षं कंडक्टरकी केली. बिनतिकिटी माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच निरखून पाहतो, हे पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून मी कोणावर सहजासहजी विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळे उमरखेडच्या आमच्या घरात मुलगी रोज दुपारी कानात हेडफोन घालून मोबाइलकडे पाहत गालात हसू लागली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की कोणी तरी पोरगा आहे. तिची आई असती तर तिनं विचारलं असतं.

एका दुपारी पाणी पिण्याच्या निमित्तानं मागे जाऊन उभा राहिलो. पोरगा होताच! गोरापान, लांब कोटातला, कोरियाचा. मालिका होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट बाजूला बसलो. तिनं एक हेडफोन माझ्या कानात दिला.

मला तर त्या पोराचाही संशय आला. कोरियाचा असून हिंदी इतकी फर्डी कशी? कंपनीचा मालक म्हणे, पण कामावर कधी जात नाही. पाऊस आला की छत्री घेऊन हजर.

"हा कामधंदा काय करते?"

"बाबा, गुपचाप पाहा नं. आता थे पडन अन् हा तिले झेलन."

ती पडली. त्यानं झेललं.

"चवदाव्या भागात हा रुसून जाते, सोळाव्यात परत येते. सगळ्याईत तसंच असते."

"मंग माहीत असून पाहाचं कायले?" असं मी म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सोडून मीच आधी येऊन बसू लागलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

कारण माझ्या पोटात एक गोष्ट होती. महागावचे पाहुणे तिला पाहून गेले होते. पोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणाले. तोंडावर नकार कोणी देत नाही, तो मागाहून मध्यस्थ सांगतो. फोन मलाच करायचा, असं मी त्याला बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मुलगी उंचीला कमी पडते म्हणे. तिला तो मुलगा आवडला होता. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की त्यांच्याकडे सोयाबीनची गडबड आहे. मग तिनं विचारणं सोडलं आणि मालिका धरल्या.

चौदावा भाग लागला. नायक बॅग घेऊन निघाला, तिनं मोबाइल थांबवला.

"बाबा, महागाववाल्याईचा नकार आला नं?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही. पंधरा दिवस झाले, तुम्ही मले एकदाही रागावले नाही."

मला लाज वाटली. "मंग विचारलं काहून नाही?"

"दोनदा विचारलं होतं, बाबा," ती म्हणाली. "नंतर वाटे, तुम्ही सोताहून सांगान."