राजीखुशीचा कागद

कागदावरचा एकच शब्द वाचून मी खाली सही ठोकली आणि पोरीची पोटगी स्वतःच्या हाताने बंद करून घेतली. वय पंचविशीचं, अक्कल त्याच्या निम्मीही नाही.

नवऱ्याने दुसरी केली तेव्हा मी पोरीला घेऊन म्हसावदला भावाकडे आले. नवरा सडकेच्या कामावर मुकादम, सरकारी पगाराचा. शहाद्याच्या कोर्टाने पोरीसाठी महिना पंधरा रुपये बांधून दिले. ते त्याच्या पगारातून परस्पर कापून मनिऑर्डरने यायचे. यायचे म्हणजे त्याचा पगार निघेल तसे, कधी दहाच, कधी दोन महिन्यांनी एकदा. पण त्यांच्याच जोरावर पोर शाळेत जात होती. भावजयीने आडपडदा ठेवलाच नव्हता. "मनिऑर्डर शे तवलोंग शाळा. नही ते कापूस येचाले धाडू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी झोक्यावर होत्या आणि हा माझा नवरा दारात उभा. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसऱ्यात कागद. तीन वर्षं ज्याला उठता-बसता शिव्या घातल्या, त्याला बघून ही बया, म्हणजे मीच, आत पळाली आणि तोंडाला पावडर फासून आली! पोरगी तिथेच बसलेली. तिला म्हटलं, "जाय, झोका खेय." जसा काही तो मला मागणी घालायला आला होता.

"राजीखुशी शेस ना?" त्याने विचारलं. झालं, मी पाघळले.

मग म्हणे, "कचेरीमा लोके हसतस मले. पगार कापतस, मन्ही काय आबरू ऱ्हायनी? तू सई करी दे. पैसा मी सोता हातमा दिसू."

बायकांच्या साक्षरता वर्गात मी नुकतीच अक्षरं जुळवायला शिकले होते. बोट ठेवून बघत गेले, तर मधेच सापडलं 'राजीखुशी'. आमच्याकडची पत्रं याच शब्दाने सुरू होतात. मला वाटलं, यातही माझी खुशालीच विचारलीय. बाकीची कचेरीतली मराठी. तसं बोलतंय कोण इथे? सही केली. त्याच्या नावासकट, अर्धी ओळ भरेल एवढी मोठी. बांगड्याही त्याच्याच हातून भरून घेतल्या, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मनिऑर्डर नाही. हातात द्यायलाही कुणी आलं नाही. तिसऱ्या महिन्यात पोरीला घेऊन त्याची नंदुरबारची कचेरी गाठली. कारकुनाने कागद काढून वाचून दाखवला. "मुलीच्या पोटगीची रक्कम पगारातून कापू नये, असे मी राजीखुशीने लिहून देत आहे."

"बाई, सही तुमचीच ना?"

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही मनात आलं, सही काय झोकात आलीय!

"मग कोर्टातून नवा हुकूम आणा. आमच्या हातात काही नाही."

तो हुकूम यायला दीड वर्ष गेलं. तोवर पोर कापूस वेचायला लागली होती. पुन्हा शाळेत गेली नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी कचेरीत तिसरीतली माझी पोर टाचा उंचावून टेबलावरचा कागद वाचत राहिली. कुठेही न अडखळता, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"माय, मी वाची दिन्हं असतं. तू मले इचारंच नही."