पाचवा गिअर नसलेली व्हॅन

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रॉक परेरा चिंचपोकळीच्या आपल्या गॅरेजच्या गाळ्यात एका व्हॅनखाली आडवा झाला होता. चर्चमधला मिस्सा त्याने शनिवारी संध्याकाळीच ऐकला होता. रविवारी काम असलं की तो तसंच करतो. वय त्रेसष्ट. गाडीखाली शिरायला त्याला अजून वेळ लागत नाही, बाहेर येताना मात्र बंपर धरावा लागतो.

व्हॅन शेवंती गावडेची. अकरा वर्षं ती फणसवाडी-ठाकूरद्वारची मुलं शाळेत सोडते. गुरुवारी गिअरबॉक्स तुटला. सोमवारी व्हॅन आली नाही तर दुसरी लावू, असं पालकांनी तिला सांगून टाकलं होतं.

रॉकने तुटलेला बॉक्स जॅकवर उतरवून उघडला. दुसऱ्या गिअरचे तीन दात तळाच्या ऑइलमध्ये पडले होते. पाचवा जवळजवळ कोरा. त्याने बाजूला उभ्या शेवंतीकडे पाहिलं.

"सगळी जिंदगी सेकंडमध्ये काढलीस गो!"

"मागे सात पोरं असतात, अंकल. विमान चालवू काय?"

बदली बॉक्स त्याने आदल्या दिवशी जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणला होता. विकणाऱ्याने 'एकदम ओके' म्हटलं होतं. विकणारे तेच म्हणतात, म्हणून बसवण्याआधी रॉक प्रत्येक बॉक्स टेबलावर तपासतो. हाताने शाफ्ट फिरवत त्याने एकेक गिअर टाकला. चार नीट बसले. पाचवा बसला आणि आपोआप सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. मागचं झाकण काढलं, तर गिअर धरून ठेवणाऱ्या दातांची टोकं झिजून गोल झालेली. बॉक्स हायवेवर पळणाऱ्या गाडीचा असणार.

रविवारी बाजार बंद. न सांगता बसवला असता, तर शेवंतीला कदाचित कधीच कळलं नसतं. रॉकने हात पुसले आणि तिला टेबलाशी बोलावलं.

"हे बघ. पाचवा गेलाय. तुला शेवटचा कधी लागला?"

शेवंतीने बराच विचार केला. "गावाला जाताना... नाही, ती भावाची गाडी होती." मग ती हसली. "अंकल, आपल्या ट्रॅफिकमध्ये तिसरा पडला तरी दिवाळी. बसवा."

"मग गावाला ही न्यायची नाही. कबूल?"

"एसटी आहे ना."

बॉक्समधलं ऑइल त्याने दोनदा बदललं, क्लच प्लेट नवी टाकली. साडेतीनला शेवंती स्टिअरिंगवर बसली आणि दोघं लालबागकडे निघाले. पुलावर रस्ता मोकळा होता. चौथ्यात गाडी गुळगुळीत पळाली आणि शेवंतीचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला.

"हात!" रॉक ओरडला.

"घाम पुसत होते हो," ती म्हणाली. घाम आलेला नव्हता.

गाळ्यात परतल्यावर तिने पालकांच्या ग्रुपवर सोमवारी व्हॅन येईल, असा एका ओळीचा निरोप टाकला. रॉकने डॅशबोर्डवर पांढऱ्या पट्टीवर चारचा आकडा लिहून चिकटवला.

सोमवारी पहिलं मूल फणसवाडीच्या तोंडाशी सहा पस्तीसला चढतं. शाळेची घंटा सात दहाला होते.