कोरी बाटली

आमच्या प्रयोगशाळेत ताईंना सगळे पाठीमागे 'शंकासूर' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं याची यादीही त्यांच्याकडे असणार, आणि तीत माझं नाव वरच असणार. चष्मा सापडला नाही तर तो कुणी हलवला, चहा पातळ झाला तर दूध कुणी प्यायलं, असं त्यांचं चालायचं. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. तेवढ्या काळात मी धुतलेलं एकही भांडं त्यांनी पुन्हा धुतल्याशिवाय वापरलं नाही.

पण कामच तसं होतं. पाण्यात तणनाशक आहे का, ते आम्ही शोधतो. नमुन्याचा थेंब एका बारीक पोलादी नळीतून जातो. नळीतली भुकटी प्रत्येक पदार्थाला कमीजास्त धरून ठेवते, म्हणून जो तो आपापल्या वेळेला बाहेर पडतो. मग पुढचं यंत्र त्याचे तुकडे करून वजनं घेतं. वेळ जुळली, वजनं जुळली, की चोर सापडला. ताई मात्र म्हणायच्या, यंत्र खोटं बोलत नाही, पण बाटली बोलते. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर त्या कोरी बाटली मागायच्या. आमच्याकडचं शुद्ध पाणी घेऊन जायचं, नमुना जसा भरला तसंच ते तिथे दुसऱ्या बाटलीत भरायचं आणि परत आणायचं. त्यात काही निघालं तर ते भरणाऱ्याकडचंच.

एका सोमवारी त्यांचे थोरले भाऊ ओढ्याच्या पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांची रोपवाटिका होती. टोमॅटोची रोपं मुरडली होती, पानं आक्रसून अरुंद झाली होती. ओढा येतो तो वरच्या बाजूच्या व्याह्यांच्या शेतातून. दादांची लेक त्याच घरात दिलेली, आणि ती सोयरीक ताईंनीच जुळवलेली. व्याह्यांनी तणनाशकाची भांडी ओढ्यात धुतली, असा दादांना पक्का संशय होता. पाण्यात औषध निघालं तर व्याह्यांचं तोंड पाहणार नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

भावाचा नमुना मी तपासणार नाही, असं ताई आमच्या साहेबांना जाऊन सांगून आल्या. मग बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तू कर. तुझ्यावर सोडते." अकरा वर्षांत पहिल्यांदाच. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

दादांनी कोरी बाटली आणली नव्हती. ताईंनी शुद्ध पाणी हातात देऊन त्यांना आल्या पावली परत पाठवलं.

"माझ्यावर संशय घेतेस?" दादा चिडले.

"बाटलीवर घेते, दादा."

दुपारी पडद्यावरच्या रेघेनं नवव्या मिनिटाला उभा डोंगर काढला. तुकड्यांची वजनं तंतोतंत जुळली. रुंद पानांचं तण मारायचं औषध, आणि टोमॅटो तर त्याच्या नुसत्या वाऱ्यानंही मुरडतो. ताई तेव्हा साहेबांच्या खोलीत होत्या. तेवढ्यात दादांचा फोन आला, आवाज रडवेला. निकाल डोळ्यांसमोर असताना माणसाला टांगून कशाला ठेवायचं, असं मला वाटलं. थोडा मोठेपणाही हवा होता. मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दादांच्या माळ्यानं कोरी बाटली आणून दिली. मी ती यंत्रात घातली. नवव्या मिनिटाला तोच डोंगर, जरासा बुटका. आमच्याच शुद्ध पाण्यात!

ताईंनी माझ्यासमोरच दादांना फोन लावला आणि बाटली कशी भरली ते विचारलं. तोंड लहान, म्हणून नरसाळं लावलं होतं. कुठलं? फवारणीच्या पंपाचं. महिन्यापूर्वी कुंपणाकडेचं तण मारायला त्याच नरसाळ्यातून औषध ओतलं होतं, आणि नंतर त्याच पंपानं रोपांना खत दिलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

ताई चक्क हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं, निकाल लागायच्या आधी कुणाला काही बोलला नाहीस."

त्यावर पलीकडून दादांनी जे सांगितलं, ते फोनमधून मलाही ऐकू आलं. काल संध्याकाळी व्याह्यांच्या दारात चारचौघांसमोर नाही नाही ते बोलून ते लेकीला हाताला धरून घरी घेऊन आले होते.

"पण तुला सांगितलं कुणी?" ताईंनी विचारलं. विचारताना त्यांची नजर दारातल्या शिपायाकडे गेली, साहेबांच्या खोलीकडे गेली. माझ्याकडे वळली नाही.

"मी सांगितलं, ताई," मी म्हणालो.

त्यांनी फोन खाली ठेवला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "बाटलीवर संशय घेतला, तुझ्यावर घ्यायचा राहिला."

नंतर ताई स्वतः ओढ्यावर गेल्या, बाटली थेट पाण्यात बुडवून भरली, सोबत कोरीही आणली. दोन्ही स्वच्छ निघाल्या. व्याह्यांनी तो रिपोर्ट वाचला आणि घडी घालून परत दिला. भाची अजून माहेरीच आहे. ताई हल्ली मी धुतलेली भांडी दुसऱ्यांदा धूत नाहीत. मला धुवायलाच देत नाहीत.