पोळ्याले पाठवू

"मार तिले," दादा म्हणाले.

माझ्या हातात मातीचा बैल होता. काळ्या मातीचा, वाळून दगड झालेला, शिंगांना हळद लावलेली. मायने तो माझ्यासाठी केला होता, पदरात बांधून आणला होता. ती आठ-दहा हातांवर उभी होती. पोळ्याचा दिवस. बैल पाहायला आलेल्या लोकांनी अंगण भरलेलं. मी सात वर्षांचा.

"हे कोण होय?" दादांनी आधी विचारलं होतं.

"माय," मी म्हणालो.

कानाखाली बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कोण होय?"

"माय."

दुसरी बसली. नाकातून रक्त आलं, नव्या सदऱ्यावर पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पायातला जोडा काढला आणि मायकडे निघाले. अर्ध्यात थांबले, हसले, माझ्याकडे वळले. म्हणाले, "तूच मार. तुह्या हातचा मार खाल्ला म्हणजे पुन्हा इकडं येणार नाही."

मी मारला.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगायचो की दादांनी मारला. खोटं. मी मारला. जोर लावून मारला. बैल तिच्या उजव्या भुवईवर फुटला, रक्त डोळ्यात उतरलं. ती ओरडली नाही. खाली बसून तुकडे पदरात गोळा करू लागली. अंगणातला एक जण तर हसला. 

ही माझी जन्माची माय. आणि दादा म्हणजे ज्यांनी मला दत्तक घेतलं ते. माझ्या बापाचे चुलतभाऊ. आमचं सुलतानपूरच्या बाजूला चार एकर रान, आणि आम्ही तीन भाऊ. दादांचं डोणगावात मोठं घर, शिवारभर जमीन, सहा बैलजोड्या, आणि पोटी मूल नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी सहा वर्षांचा होतो. भाऊबंद जमले, भटजी आले, होम पेटला. बापाने माझा हात दादांच्या हातात द्यायचा आणि विधी पूर्ण व्हायचा, इतकं सोपं सगळ्यांना वाटत होतं. पण मायने भर मांडवात मला कवळून धरलं. सोडेना. चार बायांनी ओढलं तरी सोडेना.

"दर पोळ्याले पोरगं माह्या घरी आलं पाहिजे," ती म्हणाली. "अन् मले माय म्हटलं पाहिजे. हे कबूल असन तं न्या."

दादांनी होमापुढे हात जोडले. "पोळ्याले पाठवू. हा माहा शब्द होय."

लोक वा वा म्हणाले. मायला नवं लुगडं आणि चोळी दिली. माझं नाव बदललं. मग मेहकरला जाऊन कागद केला. कागदात पोळा नव्हता.

पुढच्या पोळ्याला मी सकाळपासून नवा सदरा घालून ओसरीवर बसलो. गाडी जुंपतील, मला नेतील. कोणी गाडी जुंपली नाही. दुपारी मायच आली. आदल्या दिवशी घरून पायी निघाली होती, वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर टेकली होती. तिचा गुन्हा एवढाच की दिलेला शब्द तिला खरा वाटला.

त्यानंतर त्या घरात 'माय' हा शब्द बंद झाला. तोंडातून निघाला की चिंचेची फोक. पाठीवर, पोटऱ्यांवर, बोटांवर. गावातली पोरं उठता बसता एकमेकांच्या मायवरून शिव्या द्यायची. मला शिवीतसुद्धा ती आणायची चोरी होती.

दादांच्या बायकोला मी आई म्हणायचो. वाईट नव्हती ती. माझ्या वळांना तीच हळद-तेल लावायची. एकदा मी तिला म्हटलं, "आई, मायले एकदा येऊ द्या ना." तिने माझे केस धरून मला गदागदा हलवलं. मग तीच मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"ते आली का तू जाशीन," ती म्हणाली. "मग मले आई कोण म्हणन रे?"

पोटी मूल नाही म्हणून तिने त्या घरात बारा वर्षं मार खाल्ला होता. मी आल्यावर तिचा मार थांबला. म्हणजे मी तिचं पोर होतो आणि तिची ढालही होतो. मी तिला मनापासून आई म्हणायचो. एका पोराला दोघी असल्या तर कोणाचं काय बिघडतं, हा विचार त्या घरात कोणाला शिवलाच नाही. मलाही नाही.

माय मात्र दर पोळ्याला येत राहिली. अंगणात नाही. वेशीजवळच्या निंबाखाली, गर्दीच्या मागे उभी राहायची. बैल तोरणाखालून गेले की निघून जायची. भुवईवर पांढरा वण. मी तिला दरवर्षी पाहायचो आणि दरवर्षी मान फिरवायचो. आधी माराची भीती होती. नंतर तिच्या फाटक्या लुगड्याची लाज वाटायला लागली. हेही मी लपवत नाही.

मी सोळा वर्षांचा झालो त्या साली दादांनी मानाच्या जोडीचा कासरा माझ्या हातात दिला. गावातली पहिली जोडी आमची. तोरणापुढे मी उभा, मागे दादा, डोक्याला फेटा, हातात चाबूक. त्यांचं लक्ष निंबाकडे गेलं. गर्दी कापत ते तिकडे गेले.

"भिकारडे! पोरगं इकलं अन् अजून वास घेत फिरते!"

चाबूक पाठीवर बसला. ती हलली नाही. दुसरा मानेवर बसला, कातडी फाटली. वाजंत्री थांबली. सगळं गाव पाहत होतं, आणि त्या शांततेत ती दादांना म्हणाली, अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तशी:

"शब्द तुमी देल्ला होता, भाऊजी. मी तं पाळून राह्यली."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी कासरा सोडला. बैल बुजले, तोरण तोडून धावले. मी दादांच्या हातातला चाबूक धरला. ते सोडेनात. मी त्यांच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत काढले नाहीत. मग चाबकाचा दांडा त्यांच्या डोक्यात घातला. फेटा चिखलात पडला. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्यांच्या माणसांनी मला खाली पाडून तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या. लाथा बसत होत्या आणि मी ओरडत होतो, "माय! माय!" नऊ वर्षांचं साचलेलं ओरडत होतो.

दादा दुसऱ्या दिवशी मेहकरला वकिलाकडे गेले. पोरगं परत करायचं म्हणाले. वकिलाने सांगितलं, दत्तक मोडत नसतं. घेणाऱ्याला टाकता येत नाही आणि पोरालाही माघारी जाता येत नाही. दादा येऊन ओसरीवर नुसते बसले. मी आत बाजेवर पडलो होतो. उठलो, दाराला धरून उभा राहिलो.

"दादा, मी तुमचाच पोरगा. मरेपर्यंत. अन् ते माही माय. हेही मरेपर्यंत. पुढच्या पोळ्याले ते या दारातून आत येईन."

त्यांनी हात उगारला. आई मध्ये आली. जन्मात पहिल्यांदा.

"हात लावून पाहा," ती म्हणाली. ती हलली नाही.

पुढच्या पोळ्याला माय दारातून आत आली. दादांनी तोंड फिरवलं. आईने पाट मांडला, दोघी समोरासमोर बसून जेवल्या, फारसं बोलल्या नाहीत. निघताना माय मला म्हणाली, "भुवईवरच्या वणाचं मनाले लावून घेऊ नको." मी लावून घेतलं आहे. ती खूण माझ्या हातची आहे आणि ती मला पुसायची नाही.

आता आजूबाजूला कुठे दत्तक आहे असं कळलं की मी न बोलावता जातो. होमाशेजारी उभा राहतो. पोराच्या मायला विचारतो, "बाई, भेटायचं काय ठरलं?" घेणाऱ्याला सांगतो की ते कागदावर लिहा, आणि पोराला समजेल अशा शब्दांत त्याच्यासमोर बोला. तोवर पोर तिच्या मांडीवरून उचलू देत नाही. मागच्या खेपेला मला मांडवाबाहेर ओढून नेऊन मारलं. एक दात गेला. मार खायला मी सातव्या वर्षीच शिकलो आहे. चिखलीच्या बाजूला येत्या सोमवारी एक दत्तक आहे. मी जाणार आहे.