जनाबाईच्या दातातली खाच

हसण्यालाही मार्क देतात, हे ईश्वरदासला त्या दिवशी कळलं. घ्या! माणसानं काय काय पाहावं!

दाढ ठणकत होती म्हणून तो डेंटल कॉलेजात आला होता. सोबत कोणी नव्हतं. मुलगा पुण्याला, आणि बायको जनाबाई जाऊन वर्ष होत आलेलं. नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात प्रियदर्शनी नावाची शिकाऊ डॉक्टर टॅब घेऊन त्याच्या बाकाशी आली.

"काका, माझ्या अभ्यासासाठी हसतानाचे फोटो दाखवते. पाहून दहापैकी मार्क द्यायचे. डॉक्टरांनी दिलेत, आता साध्या माणसांचे घेऊन राहिली मी."

कोणीतरी आपल्याशी बोलतंय, एवढ्यावरच गडी खूश. फोटोत ना डोळे ना नाक, नुसते ओठ अन् दात. तो परीक्षेच्या मास्तरासारखा मार्क देत सुटला. एक पांढराशुभ्र, एकसारखा जबडा आला, त्याला त्यानं पाच दिले. "दुकानातला वाटते," म्हणाला. पोरगी हसली. डॉक्टरांनी त्यालाच नऊ दिले होते.

पुढचा फोटो आला आणि त्याचा हात थांबला.

वरच्या हिरड्या दिसत होत्या. समोरच्या दाताला खालून बारीक खाच होती. हातमागावरचा तुटलेला धागा सांधला की जनाबाई गाठीचं टोक दातानंच तोडायची. कात्री शेजारी पडलेली असायची, पण बाई ऐकेल तर शपथ! जन्मभर तोडून तोडून दाताला खाच पडली.

"बाई, हे माही बायको हाये."

प्रियदर्शनी गडबडली. "काका, यात नाव नसतं. दात तर कोणाचेही सारखे दिसू शकतात."

"दिसतीन. पण हे खाच धाग्याची हाये. डॉक्टर लोकाईनं किती देले इले?"

"तीन," ती हळूच म्हणाली. "हिरड्या जास्त दिसतात म्हणून. आणि खाच."

राग आला त्याला, नाही कसा? पण मनाला लागलं ते वेगळंच. जनाबाईला इतकं मोकळं हसताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हाच सासू म्हणाली होती, "हिरड्या दाखवू नको वं." तेव्हापासून हसू आलं की पदर तोंडाशी. लग्नाच्या फोटोत ओठ मिटलेले, आधार कार्डावरही मिटलेले. आणि इथे? दात दाखवायला ती शेजारच्या यमुताईसोबत आली होती. हा हिंगण्याच्या कंपनीत पाळीवर होता. परक्या डॉक्टरनं "हसा" म्हटलं, आणि ती हसली. घरात तिला असं कोणी म्हटलंच नव्हतं. त्यानंही नाही.

"हा फोटो मले देता का? घरी तिचा हसलेला एकबी नाही."

प्रियदर्शनी सरांना विचारायला आत गेली. परत आली तेव्हा तिची नजर खाली होती. फोटो फक्त अभ्यासाला वापरायचा, कोणालाच द्यायचा नाही, असं ठरवूनच तो काढला होता. मोबाईलवरही घेता येणार नव्हता.

ईश्वरदास भांडला नाही. भांडून काय, नियम तर जनाबाईची लाज राखायलाच केलेला.

"मार्क किती लिहू, काका?"

"नका लिहू. थोडा वेळ तसाच राहू द्या."

तिनं टॅब त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिली. त्याचं नाव पुकारलं गेलं, तरी तो उठला नाही.

दाढ तशीच घेऊन तो तांडापेठेत घरी आला. कुलूप उघडलं. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला जनाबाईचा फोटो होता. त्यानं हार बाजूला सारला आणि तळहातानं तिचे डोळे-नाक झाकले. नुसते ओठ उरले, घट्ट मिटलेले.

"हास ना वं," तो म्हणाला. "आता घरात कोणी नाही."