पुलापर्यंतची वाट

मी आईशी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. बाबा गेले तेव्हा तिने एकच मागितलं होतं, वरसाव्याच्या पाड्यावरच्या भगताला बोलाव. तो आणि बाबा तरुणपणी दगडखाणीत बरोबर कामाला होते. गेलेल्या माणसाला वाट सांगून पितरांपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. मी त्याला फोन केला आणि ‘आई नको म्हणते’ असं सांगितलं. आईला म्हटलं, तो आजारी आहे. खरं कारण एवढंच, की इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत सूप घेऊन आलेला भगत शेजाऱ्यांनी पाहिला असता. दहावं, तेरावं भटजींनी रीतसर केलं. मला वाटलं, झालं.

मग आई रोज दुपारी लिफ्टच्या दाराशी पाण्याचा तांब्या ठेवू लागली. बाबांना लिफ्टची भीती वाटायची, सात मजले ते जिन्यानेच उतरायचे. “तहानलेले असतील. वाट सांगायला कोणी आलंच नाही, खाली कसं जायचं तेच कळत नसेल त्यांना,” ती म्हणायची.

शेजारीण म्हणाली, “आंटी, पानी अंदर गया तो लिफ्ट बंद पड जाएगी.”

“पडू दे की. जिन्याने जातील.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. रिपोर्टमध्ये डॉक्टरांना काही सापडेना. खरं सांगावं तर ती कोलमडेल, न सांगावं तर अशीच झिजत जाईल.

तिसऱ्या महिन्यात मी पाड्यावर गेलो आणि भगताला सगळं सांगितलं.

“मी आजारी होतो व्हय?” तो म्हणाला. “आधी सांगायचंस. औषध तरी घेतलं असतं.”

रविवारी सकाळी तो आला. लिफ्टमध्ये सोसायटीतले दोघं शेजारी होते, त्यांनी सरकून सुपाला जागा करून दिली. घरात त्याने सुपात तांदूळ पसरले, बाबांना नावाने हाक मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

“वरसाव्याच्या खाडीवरल्या पुलापासून पुढची वाट मला ठाव हाय. तुझ्या घरापासून पुलापर्यंतची न्हाय. ती घरच्यानं सांगायची. खोटं सांगू नको, चुकंल तो.”

आई भिंतीला टेकून ऐकत होती.

“बाबा, दार उघडं आहे. जिन्याने उतरा. गेटमधून बाहेर पडा, काशिमीऱ्याच्या नाक्यावर हायवे लागेल. तिथून सरळ पुलापाशी या.” भगत सुपातल्या तांदळांवरून बोट फिरवत थांबून राहिला.

“बाबा, हे भगत आजारी नव्हते. मीच यांना येऊ नका म्हटलं, आईचं नाव सांगून. मला लोकांची लाज वाटली. तुम्हाला तीन महिने इथे अडकवलं, मला माफ करा.”

मग मी आईकडे वळलो. “आई, तुझ्याशी खोटं बोललो. माफ कर मला.”

तिने पाण्याचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला, “जिन्याच्या तोंडाशी ठेव, जाताना पितील.”