चांदण्या दिसेपर्यंतचं कीर्तन

उत्सवाच्या समितीने आत्याचं कीर्तन कार्यक्रमातून काढलं, तेव्हा मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातून आलेले मराठी यहुदी. मुलुंडमध्ये शाळेचं सभागृह घेऊन, कामं आपसांत वाटून, आपल्या धर्माची आणि रिवाजांची ओळख करून देणारा उत्सव आम्ही पहिल्यांदाच भरवत होतो. शेजारपाजाऱ्यांनाही आमंत्रण होतं. वडील गिरणीतून संघटनेची पत्रकं घरी आणत, त्यांवरच मी वाचायला शिकले. गप्प बसणं मला शिकवलंच नव्हतं.

"मराठीत आपण भांडतो, मासळी घेतो, मेलेल्यांसाठी रडतो," मी म्हटलं. "मग देवाची गोष्ट मराठीत सांगायची लाज का?"

समितीचे अध्यक्ष, आमचे सगळ्यांचे नाना, चष्मा पुसत म्हणाले, "लाज नाही गं. पण व्याख्यानाला बोलावलेले पाहुणे हिब्रूवर बोलणार, पडद्यावर चित्रं दाखवणार. त्यात टाळ कुठे कुटतेस?"

आत्या येत्या जूनमध्ये कायमची इस्राएलला, मुलाकडे जाणार होती. ती जुनी आख्यानं आमच्यात तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. आत्ता नाही, तर कधीच नाही. तरी समितीने ऐकलं नाही.

उत्सव आधी डिसेंबरात ठरला होता. सभागृह मिळालं मे महिन्यात, शनिवारी. आम्ही महिना बदलला आणि वेळ तीच ठेवली, संध्याकाळी साडेसहा. डिसेंबरात तेव्हा चांदण्या असतात, मेमध्ये ऊन. दर शनिवारी आभाळाकडे डोळे लावून बसणारी आम्ही माणसं, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! शुक्रवारी संध्याकाळी लागलेला शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, तीन चांदण्या दिसल्याशिवाय संपत नाही, आणि तोवर आम्ही विजेला हात लावत नाही, वाद्यालाही नाही.

साडेसहाला सभागृह भरलं. आमच्या चाळीतल्या मालवणी बायका गजरे माळून पुढेच बसल्या. माइकवाला आमच्यातला नव्हता; तो बटणापाशी उभा.

"चालू करू?"

"थांब रे!" नाना ओरडले. "तुला सांगून करवणं म्हणजे आम्हीच करणं."

"मग वाट लागली ना, नाना," मी म्हटलं. "पण आत्याच्या गळ्याला बटण नाही."

 नाना आत्याकडे वळले. "टाळाशिवाय जमेल का, ताई?"

आत्या उठलीच होती. "टाळ काय, दात नसले तरी जमेल."

तिने भावांनी विहिरीत टाकलेल्या पोराचं आख्यान लावलं. चार वाक्यं सांगायची, एक ओळ गायची. आमच्या बायकांनी ध्रुपद उचललं, मग मालवणी बायकांनीही.

"भाव कसले गो ते, वैरी!" त्यांच्यातली एक म्हणाली.

"ऐक तर, बाई," आत्या सुरातच म्हणाली, "पुढे त्याला विकतातसुद्धा!"

सभागृह हळहळलं. व्याख्यानाच्या पाहुण्यांनी खुर्ची सोडून जमिनीवर बैठक मारली होती.

दारातून कुणीतरी ओरडलं, "दिसल्या! तिन्ही दिसल्या!"

माइकवाल्याने नानांकडे पाहिलं. पडदा तयार होता, चित्रं तयार होती.

"लाव माइक," नाना म्हणाले. "पण तिच्यापुढे. आणि कुणीतरी तिचे टाळ आणा."

टाळ माझ्या पिशवीतच होते. शुक्रवारी, शब्बाथ लागण्याआधीच, मी ती पिशवी सभागृहात आणून ठेवली होती. आत्याने ते घेतले, एकदा खणखणीत वाजवले. गोष्टीतल्या भावांना अजून माफी मिळायची होती, आणि जागेवरून एकही माणूस हलला नाही.